एकोणीस नंबरची केबल

१

सोमवारी दुपारी अडीच वाजता मी लॅबमधला जुना स्विच काढला आणि नवा बसवला.

स्विच म्हटलं की लोकांना दिव्याचं बटण वाटतं. आमच्या वहिनीला लग्नानंतर वर्षभर तसंच वाटत होतं. ‘दोघं भाऊ दिवसभर बटणं बसवता आणि एवढे दमून येता?’ असं ती विचारायची. आमचा स्विच म्हणजे चोवीस खाचांची एक चपटी पेटी. इमारतीतल्या प्रत्येक कॉम्प्युटरची केबल येऊन तिच्यातल्या एकेका खाचेत बसते, आणि मग ते कॉम्प्युटर एकमेकांशी बोलू शकतात. खाचेला आम्ही पोर्ट म्हणतो. पलीकडे काहीतरी चालू असेल तर पोर्टवर हिरवा दिवा लागतो.

जुनी पेटी काहीच सांगायची नाही. केबल खुपसा, चालली तर चालली. नवी पेटी मॅनेज्ड होती. लॅपटॉपवर तिचं पान उघडलं की कुठल्या पोर्टवर कोण आहे, किती वेगाने बोलतंय, कुठे अडतंय, सगळं दिसतं. एखादी केबल किती लांब आहे तेही ती जागेवर बसून मोजते. केबलमध्ये एक ठोका सोडते, तो पलीकडच्या टोकावर आपटून परत येतो, आणि लागलेल्या वेळावरून ती मीटर सांगते.

लॅब रक्ततपासणीची. पुढे काउंटर, मग रक्त घ्यायच्या दोन लहान खोल्या, मग यंत्रांची मोठी खोली, आणि सगळ्यात मागे, फ्रीजच्या पलीकडे, आमच्या रॅकची खोली. पूर्वी तिथे न्हाणीघर असावं. भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या फरशा, कोपऱ्यात सिमेंटने बुजवलेली मोरी. हात पसरले की दोन्ही भिंतींना बोटं लागत. रॅक म्हणजे माणसाएवढं लोखंडी कपाट. ते मागच्या भिंतीपासून वीतभर पुढे होतं, आणि त्या फटीतून सगळ्या केबल भिंतीतल्या भोकात जात होत्या.

“तुम्हाला बोलता येतं ना हो?” काउंटरवरच्या ताईंनी मला दोन तासांनी विचारलं. “चहा घेणार का म्हणून तीनदा विचारलं मी.”

“हो,” मी म्हणालो.

“हो म्हणजे येतं, की हो म्हणजे घेणार?”

मी नुसती मान हलवली. त्या हसत गेल्या आणि चहा घेऊन आल्या.

केबलवर चिठ्ठ्या चिकटवणं हे शेवटचं काम. सगळ्यांची दुसरी टोकं सापडली. एक करडी केबल तेवढी राहिली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती, आणि ती कुठे जाते ते लॅबमध्ये कोणालाच माहीत नव्हतं. मी ती एकोणीस नंबरात घातली, म्हटलं नंतर बघू.

२

साडेचारच्या सुमारास एकोणीसचा दिवा लागला. लगेच विझला. पुन्हा लागला, विझला. मग काही नाही. मी मनातल्या मनात दहापर्यंत मोजलं असेल, तेवढ्यात पुन्हा दोनदा.

उंदराने कुरतडलेली केबल असं करते. पण ती दोनदा करते, तीनदा करते, कधी पाच मिनिटं नुसती थरथरत राहते. ही दोनदा करून थांबत होती, जसं कोणी काहीतरी विचारून उत्तराची वाट पाहतंय.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. नववीत माझी शाळा सुटली तेव्हा त्याने मला कामावर नेलं. केबल शोधायचं काम दोघांचं असतं. एकाने रॅकपाशी उभं राहायचं, दुसऱ्याने इमारतभर फिरून भिंतीवरच्या एकेका सॉकेटला केबल तपासायचा टेस्टर लावायचा. बाकीचे लोक ओरडून विचारतात. ‘लागला का?’ ‘नाही!’ ‘आता?’ मला परक्या ऑफिसात ओरडता यायचं नाही. फोनवरसुद्धा पहिला शब्द घशात अडकायचा. त्यावर दादा कधी हसला नाही. त्याने आमच्यापुरती युक्ती काढली. तो तिकडून टेस्टर दोनदा लावून काढायचा, म्हणजे, हीच का? नसली तर मी गप्प बसायचं. असली तर माझ्याकडची केबल एकदा काढून परत घालायची. त्याच्या टेस्टरचा दिवा जाऊन यायचा. एकदा म्हणजे, सापडली, ये परत.

सात वर्षं आम्ही असं काम केलं. मालक म्हणायचे, “हे दोघं भाऊ आहेत का भिंती?” घरी आल्यावर मात्र दादा इतका बोलायचा की आई त्याला ताटावरून उठवायची.

दादा जाऊन पावणेदोन वर्षं झाली. कावीळ झाली, तीन आठवडे हॉस्पिटलात होता. त्यानंतर मालकांनी मला एक यंत्र आणून दिलं. एका टोकाला लावलं की केबलच्या दुसऱ्या टोकापाशी पीं पीं वाजतं. दुसरा माणूस लागत नाही.

मी लॅपटॉपवर एकोणीसची लांबी काढली. त्र्याऐंशी मीटर. लॅब पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत माझ्या पावलांनी बावीस पावलं होती. वरचा मजला रिकामा, त्याला कुलूप. खाली बंद पडलेलं दुकान.

दिवा पुन्हा दोनदा लागला.

केबल अशी करायला लागली की आमच्या धंद्यातला कोणीही पहिल्यांदा एकच गोष्ट करतो. प्लग काढायचा, फुंकर मारायची, परत घालायचा. हात आपोआप जातो. मीही तेच केलं. प्लग टक् करून बसला, आणि मी काय करून बसलो ते तेव्हा माझ्या लक्षात आलं.

दिव्याची उघडझाप थांबली. आता तो स्थिर हिरवा होता.

३

मंगळवारी लांबी एकसष्ट मीटर आली.

मी आधी पेटीवर संशय घेतला. बाकीच्या केबल मोजून पाहिल्या. काउंटर अठरा, लॅबच्या मॅडमची केबिन अकरा, मोठं यंत्र सहा. टेप लावून ताडून पाहिलं, सगळे आकडे बरोबर होते. मग एकोणीस पुन्हा मोजली. एकसष्ट.

पानावर प्रत्येक पोर्टपुढे पलीकडच्या यंत्राचा पत्ता दिसतो. जगातल्या कुठल्याही यंत्राला असा पत्ता असतो, त्याच्याशिवाय ते बोलूच शकत नाही. एकोणीसपुढे ‘चालू’ लिहिलेलं होतं आणि पत्त्याची जागा रिकामी होती.

दुसरं टोक शोधायला पिशवीत पीं पीं करणारं यंत्र होतं. पण ते लावायचं तर केबल काढून परत घालावी लागते. मी प्लगवर बोट ठेवून बराच वेळ उभा राहिलो. खोलीत स्विचच्या पंख्याची घरघर होती, पलीकडे फ्रीज मधूनच हुंकार दिल्यासारखा चालू व्हायचा. शेवटी मी बोट काढून घेतलं. स्वतःला कारण सांगितलं की आज प्रिंटरचं काम आधी उरकायला हवं.

संध्याकाळी निघताना चोपन्न होती.

रस्त्याने जाताना मी हिशेब करत होतो. दिवसाला वीस-बावीस मीटर. इतक्या हळू कोणी चालत नाही. अंथरुणातून पहिल्यांदा उठलेला माणूससुद्धा नाही.

४

बुधवारी आकडा चाळीस झाला, आणि मी वहिनीला सांगितलं.

आई बाहेरच्या खोलीत पडली होती. वहिनी ओट्यापाशी भांडी पुसून फळीवर लावत होती. ती घरात आली तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो, पण तिने मला पहिल्या दिवसापासून ‘अहो भाऊजी’ म्हटलं आणि त्यावरून दादा आम्हा दोघांना चिडवायचा. मी सगळं सांगितलं. मध्ये मध्ये अडकलो, पण सांगितलं. दिवा दोनदा लागला ते, मी प्लग काढून घातला ते, आकडे.

तिने हातातली ताटली पुसणं थांबवलं नाही. कोरडी झालेली ताटली ती पुसतच राहिली.

“चाळीस मीटर म्हणजे लांब आहे ना अजून?”

“दोन दिवस. फार तर तीन.”

“तुम्ही बोलावलंत.”

“चुकून बोलावलं, वहिनी.”

“चुकून का होईना.” ती फळीकडे तोंड करून बोलत होती. “मी इथे रोज बोलावते. पावणेदोन वर्षं. आणि ते येतायत कुठे, तर कामावर.”

मी पुसायची राहिलेली भांडी तिच्याजवळ सरकवली.

“मला सांगा,” ती म्हणाली, “येतायत ते कसे येतायत? मला ते सायकलवरून पिशवी अडकवून यायचे तसे हवेत. त्या शेवटच्या तीन आठवड्यांतले नकोत. तेव्हा त्यांनी मला ओळखलं नव्हतं, भाऊजी. तुम्हाला ओळखलं, मला नाही.”

“ताप होता वहिनी. त्याने मलासुद्धा कुठे...”

“ओळखलं. तुमचा हात धरून दोनदा दाबला त्यांनी. मी बघत होते.”

हे खरं होतं. मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं, आणि मला वाटत होतं की तिने पाहिलं नाही.

“मग काय करू? बंद करून टाकू पोर्ट?”

तिने ताटली ठेवली, दुसरी उचलली. “मला काय विचारता? मला त्यातलं काय कळतंय. मला तर ती बटणंच वाटतात.”

मी झोपायला गेलो तेव्हा ती अजून ओट्यापाशीच होती.

५

गुरुवारी लॅबची यंत्रं अडखळायला लागली.

मोठ्या यंत्रात नमुना तपासून झाला की आकडे केबलवरून कॉम्प्युटरवर यायचे आणि तिथून शेजारच्या हॉस्पिटलला जायचे. एरवी डोळ्याची पापणी लवायच्या आत. आता मिनिट-मिनिट लागत होतं. पानावर कारण सरळ दिसत होतं. एकोणीस नंबरातून सतत काहीतरी आत येत होतं. त्यात शब्द नव्हते, पत्ता नव्हता, नुसती गर्दी. लांबी सतरा मीटर.

सतरा मीटर म्हणजे आता तो लॅबच्या आत होता. निदान लॅबच्या भिंतींत कुठेतरी.

मॅडम दारात आल्या. लॅब त्यांचीच. बारीक चणीच्या, चष्मा कपाळावर सरकवायची सवय. “काय हो, जुनं होतं ते बरं होतं की! नवीन आणलं आणि गोगलगाय झाली.”

“ए-एक केबल...”

“मग काढून टाका ना ती केबल. कोणाची आहे?”

“बघतो,” मी म्हणालो.

मालकांचाही फोन आला. “अरे मुक्या, शनिवारी बारापर्यंत मॅडमची सही घेऊन ये. त्यांचं हॉस्पिटलशी नवीन काम चालू होतंय. तुझ्या दादाने अख्खी बँक दोन दिवसांत उभी केली होती, तुझं एक न्हाणीघर होत नाही होय रे?”

मी पोर्ट बंद केला नाही. त्याऐवजी मी एक चलाखी केली. मॅनेज्ड स्विचच्या पोटात वेगवेगळ्या खोल्या करता येतात. यंत्रांची एक, काउंटरची एक. एका खोलीतलं बोलणं दुसरीत ऐकू जात नाही. मी एकोणीस नंबराला एकट्याची खोली करून दिली. तिथे कितीही गर्दी झाली तरी बाकीच्यांना त्रास नाही. पाच मिनिटांत यंत्रं पूर्ववत झाली. काउंटरच्या ताईंनी बाहेरून ओरडून सांगितलं, “पळायला लागली हो गोगलगाय!”

त्या खोलीला नाव द्यायची जागा असते. मी ‘दादा’ लिहिलं. मग कोणी पाहील म्हणून पुसून नुसता आकडा ठेवला.

६

शुक्रवारी सगळं चांगलं चाललं होतं. मी उगाच काम काढून दिवसभर रॅकच्या खोलीत बसून राहिलो. एक प्लॅस्टिकचं स्टूल होतं, त्यावर बसून पाठ भिंतीला टेकवली की रॅक अगदी समोर यायचा.

अकरा वाजता नऊ मीटर. दोन वाजता सात.

जेवणाच्या सुट्टीनंतर आवाज सुरू झाला. भिंतीतून केबल ओढताना एक आवाज येतो, प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासल्याचा. लांब, कोरडा, मग थांबतो. हात पुढे करून पुन्हा पकडायला लागतो तेवढा वेळ थांबतो. मग पुन्हा. हा आवाज ऐकत मी मोठा झालो. तो फरशांच्या मागून येत होता आणि त्याला घाई नव्हती.

पाण्याचा नळ असेल, मी म्हटलं. उठून फरशीला कान लावला. फरशी गार होती. आवाज थांबला. मी कान लावून उभा होतो तोवर थांबलेलाच राहिला, आणि मला अगदी पक्कं वाटलं की पलीकडेही कोणीतरी कान लावला आहे.

मला पळून जावंसं वाटलं नाही. खरं सांगायचं तर मी भिंतीला लागून बोलायला लागलो. आईचे गुडघे सांगितले. मालकांनी मला बापाच्या वयाच्या माणसांवर मुकादम केलंय ते सांगितलं. वहिनी रागावली आहे हे सांगितलं. “तिला ओळखत का नव्हतास रे?” असंही विचारलं. बोलता बोलता ध्यानात आलं की माझा एकही शब्द अडकला नव्हता.

मग मी गप्प झालो, तेव्हा तो आवाज पुन्हा सुरू झाला, जरा जवळून.

पाच वाजता पाच मीटर होते.

७

शनिवारी मी आठलाच पोहोचलो. रॅकच्या खोलीचं दार उघडलं, तर चोवीसच्या चोवीस दिवे एकत्र उघडझाप करत होते. ज्या पोर्टमध्ये केबलच नव्हती तेही. मी करून दिलेल्या एकट्याच्या खोलीच्या भिंती कुठल्या कुठे गेल्या होत्या. पेटीला हात लावला तर इस्त्रीसारखी गरम.

बाहेर मॅडमचा आवाज चढला होता. मग त्या स्वतः आल्या. चष्मा कपाळावर नव्हता, हातात होता.

“ऐका. शेजारी एक बाई आहे, बाळंतपणात रक्त चाललंय. रक्ताची पिशवी घेऊन माणूस तिच्या खाटेशी उभा आहे. माझ्या यंत्रात ते रक्त तिला जुळतं का ते तपासून झालंय आणि आकडा बाहेर येत नाहीये. नव्याने हाताने करायला मला चाळीस मिनिटं लागतील. तेवढी तिच्याकडे नाहीत. तुम्हाला किती मिनिटं हवीत?”

“दोन,” मी म्हणालो.

त्या दारातच उभ्या राहिल्या. “मी मोजतेय.”

लॅपटॉपचं पान रखडत रखडत उघडलं. एकोणीस. लांबी दोन मीटर.

या खोलीत दोन मीटरच्या पलीकडे काही नव्हतंच.

मी आधी प्लग काढायला गेलो. तो धरला तर केबलला ओढ होती. पतंगाच्या मांज्याला असते तशी, जिवंत. मोबाइलचा उजेड लावून मी वाकलो आणि रॅकच्या मागच्या फटीत पाहिलं.

बाकीच्या केबल भिंतीच्या भोकात जात होत्या. करडी जात नव्हती. ती भोकातून सगळी बाहेर आलेली होती आणि फटीत गोळा होत होती. आमच्यातला माणूस उरलेली केबल पंजा आणि कोपर, पंजा आणि कोपर अशी गुंडाळतो. वेटोळं मोठं झालं होतं, नीट, एकावर एक. त्याच्या खालच्या टोकाला कोपर होतं. मी पाहत असताना त्याने आणखी एक वळसा घेतला.

ती फट वीतभर होती. तिथे माणसाचा खांदा मावत नाही.

कोपर बारीक होतं की भरलेलं होतं, मला सांगता येणार नाही. मला ते बघायचंच होतं, तेवढं एकच. पण त्यासाठी उजेड वर न्यावा लागला असता, आणि उजेड वर नेला असता तर चेहरा दिसला असता, आणि त्याने मला पाहिलं असतं. ओळखून किंवा न ओळखून.

“एक मिनिट झालं,” मॅडम म्हणाल्या. त्यांना दारातून फक्त माझी पाठ दिसत असणार.

मी उठलो. प्लगला हात लावला नाही. काढून घालण्याला आमच्यात अर्थ होता, आणि मी नुसता काढला असता तरी तो घालण्याची वाट पाहत राहिला असता. मी लॅपटॉपपाशी गेलो, एकोणीसच्या ओळीवर गेलो आणि ‘बंद’ केलं. पेटीने विचारलं, हा बदल कायमचा ठेवायचा का. नाही म्हटलं असतं तर पुढे कधी वीज गेली-आली की पोर्ट आपोआप उघडला असता. मी दाराकडे पाहिलं. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, चष्म्याची काडी उघडझाप करत होत्या.

मी ‘हो’ दाबलं.

एकोणीसचा दिवा गेला. बाकीचे तेवीस हळूहळू आपापल्या तालावर आले. बाहेरून ताईंचा आवाज आला, “आला, मॅडम! आकडा आला! जुळतंय!” आणि मॅडमच्या चपला धावत गेल्या.

मी पानाकडे पाहिलं. पोर्ट बंद असला की पेटी लांबी मोजत नाही. पानावर आकड्याच्या जागी एक आडवी रेघ आली होती. दिवा जातो आणि परत येतच नाही, याला आम्ही काही अर्थ ठरवला नव्हता. तशी वेळच कधी आली नव्हती. तिकडे त्याच्या टेस्टरचा दिवा गेला असेल, आणि तो केबल हातात घेऊन उभा असेल, मी आता परत घालेन म्हणून.

मी फटीत पुन्हा पाहिलं नाही. मॅडमची सही घेतली. बाई वाचली, असं काउंटरच्या ताईंनी मला जिन्यापर्यंत येऊन सांगितलं. “आणि आज तुम्ही चहाला ‘हो, घेतो’ म्हणालात,” त्या म्हणाल्या. “प्रगती आहे.”

८

दुपारी घरी पोहोचलो तेव्हा वहिनी स्वयंपाक करत होती. मी बूटही काढले नव्हते.

“झालं काम?”

“बंद केलं.”

तिने मान हलवली. डावाने ढवळत राहिली. बाहेर आई शेजारणीशी बोलत होती, तिचं हसणं ऐकू येत होतं.

“एक बाई होती, वहिनी. रक्त...”

“मी विचारलं का?” मग डाव बाजूला ठेवून, “शेवटी किती होतं?”

“दोन मीटर.”

तिने गॅस बंद केला. पदराला हात पुसले. “दोन मीटर म्हणजे केवढं हो?”

मी हाताने दाखवायला गेलो, पण मला हाताने दाखवता येईना. पिशवीतून मोजायची टेप काढली, पोलादी पट्टीची, आपटली की डबीत सटकन आत जाणारी. डबी वहिनीच्या हातात दिली. ती ओट्याला पाठ लावून उभी राहिली. मी पट्टीचं टोक धरून मागे मागे सरकत गेलो. दोन मीटर दाराच्या चौकटीशी, पायपुसण्यावर संपले. मी तिथे उभा राहिलो.

“एवढंच?” वहिनी म्हणाली.

“एवढंच.”

ती माझ्याकडे बघत होती. मग तिची नजर माझ्या डोक्यावरून जराशी वर गेली. दादा माझ्याहून चार बोटं उंच होता.

“भाऊजी, तुम्ही जरा बाजूला व्हा.”

“टोक सोडलं तर सटकन येईल. तुमच्या हाताला लागेल, वहिनी. कापतं ते.”

“लागू दे. व्हा बाजूला.”

डबीवर पट्टी अडकवायची एक कळ असते. ती दाबलेली नव्हती. मी डबी देतानाही पाहिलं होतं आणि आता पुन्हा पाहिलं. वहिनीचा अंगठा तिच्यापासून लांब होता.

मी टोक सोडलं आणि भिंतीकडे सरकलो.

पट्टी जागची हलली नाही. ओट्यापासून दारापर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर, ती सरळ ताणलेली राहिली. तिची पिवळी कड दुपारच्या उजेडात किंचित थरथरत होती, दोन्हीकडून धरल्यावर थरथरते तशी.

वहिनीने डबी दोन्ही हातांत धरली. ती एक पाऊल पुढे आली, आणि पट्टी हळूच, तेवढीच, आत गेली.